वीस पेशंटांचा हिशोब

४ जून

बारके,

आशीर्वाद मनातल्या मनात दिलेत, ते घे. फोन सोडून दादा पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. घरात खोल्या दोन आणि मधे प्लायवूड. मी नुसता खोकलो तरी पलीकडून ढमी विचारते, "बाबा, औषध घेतलं का?" आता बोलायचं तिच्याबद्दलच, तर बोलू कुठे? गाळ्यात बोलावं तर कारागिरांचे कान ढमीपेक्षा लांब. म्हणून सगळे गेल्यावर सोफ्यांच्या फोमच्या ढिगावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर फोमला बोल लाव.

ढमीचा निकाल लागला. मार्क भरपूर, पण सरकारी कॉलेजची सीट थोडक्यात हुकली. खाजगी कॉलेजात फिजिओथेरपीला जागा मिळतेय. फीचा कागद सोबत जोडलाय, उभ्याने वाचू नकोस. बँकेत गेलो होतो. ते कर्ज देतात, पण तारण गाळाच मागतात आणि व्याज असं की फेडता फेडता मीच फेडला जाईन. म्हणजे इकडून जा नाहीतर तिकडून, गाळ्यावरच येतं. शेजारचा चष्मेवाला कधीचा मागे लागलाय. मधली भिंत पाडून त्याला दुकान वाढवायचंय.

आता तू म्हणशील, हट्ट कुणाचा? पोरीने तोंडातून शब्द काढलेला नाही. पण मला दिसतं ना. तुझ्या वहिनीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजव्या हाताची मूठ अशी आवळली होती की नखं तळव्यात रुतायची. तुझ्यासारखीच एक फिजिओथेरपीवाली मॅडम घरी येत होती, आपल्याला परवडलं तेवढे दिवस. ढमी शेजारी बसून नुसती बघायची. मॅडम बंद झाल्यावर हिने सुरू केलं. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि आईचा हात मांडीवर घ्यायचा. मी म्हणायचो, कशाला जीव काढतेस? मग एका संध्याकाळी मी घरी आलो तर त्याच हाताने तुझ्या वहिनीने दाराची कडी काढली. मी दारातच भोकाड पसरलं. वरच्या मजल्यावरचे धावत आले, त्यांना वाटलं कोणी गेलं.

तर मला एवढंच सांग, हे शिकलं की मिळतं किती? बाहेरचे लोक काहीही फेकतात. आपल्या घरात शिकलेली तू एकटी. तू जे सांगशील त्यावर मी ठरवणार.

दादा


११ जून

दादा,

फीचा कागद बसून वाचला, तरी घेरी आलीच. माझ्या वेळी सरकारी सीट होती. माझी अख्ख्या कोर्सची फी यांच्या एका महिन्याच्या हॉस्टेलएवढीही नव्हती. तेव्हा माझं आणि ढमीचं एका तराजूत घालू नकोस, हे आधी सांगते.

वहिनीच्या हाताचं वाचून मी सकाळच्या पेशंटसमोर डोळे पुसत होते. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं त्याचा एक्स-रे वाईट आलाय.

काम कसं असतं विचारशील तर आमच्या सरांच्या क्लिनिकमध्ये पडदे लावलेल्या चार खाटा. एकीवर कुणाची कंबर शेकत ठेवायची, तोवर दुसरीवर मानेला ट्रॅक्शन, तिसरीवर करंट, आणि चौथीवर खांदा धरलेल्या आजोबांशी कुस्ती. घड्याळ वाजलं की पळत पहिल्या खाटेवर. दिवसाला वीस पेशंट होतात, कधी जास्तच. चहा कपातच गार होतो. संध्याकाळी माझे स्वतःचे खांदे असे भरून येतात की रूमवरच्या नर्सला म्हणते, बाई गं, आता तू माझ्यावर उपचार कर. ती म्हणते, आधी फी काढ.

पैशांचं म्हणशील तर भागतं. फार नाही, पण भागतं. तू घाई करू नकोस. गाळ्याचा विषय तर काढूच नकोस. ढमीला एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देता येईल का बघ. वहिनीला सांग, डाव्या हाताने कामं करायची सवय लावून घेऊ नकोस, उजवा आळशी होईल.

बारकी


१८ जून

बारके, लबाडे,

"भागतं" म्हणे! काय तो साधेपणा!

मी काय केलं ऐक. आपल्या चौकातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो, कंबर धरून. काउंटरवरच्या बाईला विचारलं, एका वेळेचे किती? तिने आकडा सांगितला. मी कंबर सोडली आणि सरळ चालत बाहेर आलो. ती बघतच राहिली, तिला वाटलं असेल आकडा ऐकूनच बरा झाला.

मग गाळ्यात येऊन गुणाकार केला. वीस पेशंट गुणिले फी, गुणिले महिन्याचे कामाचे दिवस. एकदा केला, विश्वास बसेना, म्हणून पुन्हा केला. बरं, मी काही खुळा नाही. जागा तुझ्या सरांची, मशिनं सरांची, लाइटबिल त्यांचं, तेव्हा मालक अर्धं ठेवणार. मीही ठेवतो. माझ्या कारागिराने एक कुशन शिवलं की नगावर त्याचा वाटा ठरलेला, उरलेला गाळ्याचा. तसं धरून अर्धं कापलं. तरीही बारके, दोन-अडीच वर्षांत सगळी फी वसूल! आणि तू दहा वर्षं गप्प बसलीस! माझ्यापासून दडवतेस? मी काय उसने मागणार होतो?

रागावलो नाही. अभिमान वाटला. गाळ्यात मशीनवर तुझा तो पांढऱ्या कोटातला फोटो लावलाय ना, गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, ही माझी बहीण. आता आणखी ताठ मानेने सांगेन.

वर्षभर थांबायचं मात्र मला पटत नाही. तिच्या मैत्रिणी पुढे जाणार आणि ही घरात बसून तीच पुस्तकं घोकणार. चष्मेवाल्याशी बोलणं सुरू केलंय. टेप घेऊन आला होता, माप घेऊन गेला. आकडा बरा देतोय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फीचा पहिला मोठा हप्ता आहे.

दादा


२० जून

आत्या,

मी तुला पत्र लिहिलंय हे बाबांना कळता कामा नये. आईला माहीत आहे, पण ती कुणाला सांगणार नाही असं म्हणालीय.

परवा मी डबा द्यायला गाळ्यात गेले तर चष्मेवाले काका भिंतीला टेप लावत होते आणि बाबा दुसरं टोक धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "रंग द्यायचाय." रंग द्यायला कुणी भिंतीची जाडी मोजतं का? गाळा गेला तर बाबा गाड्यांच्या सीटच्या कारखान्यात नगावर कामाला जाणार आहेत. बोलणी पण झालीत. आत्या, ते आयुष्यात कुणाच्या हाताखाली राहिलेले नाहीत. त्यांना दुपारी जेवल्यावर पाठ टेकायला लागते. तिथे कोण टेकू देईल?

मला हा कोर्स करायचा आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आईचं पहिलं बोट उघडलं ना, त्या दिवशी मला रात्री झोप लागली नव्हती. पण बाबांचा गाळा विकून नको. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहीन, नाहीतर लॅबमधला सहा महिन्यांचा कोर्स करेन.

मी "नको" म्हटलं तर त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी म्हणतेय. ते फक्त तुझं ऐकतात. म्हणून तू त्यांना खोटंच लिही. लिही की या कामात काही पैसे मिळत नाहीत, पस्तावशील, तुझं तुलाच जेमतेम पुरतं. एकदम रडकं लिही. तू कधी रडत नाहीस, म्हणून ते विश्वास ठेवतील. तुला तुझ्याच कामाबद्दल असं वाईट लिहायला लागतंय, त्याबद्दल माफ कर.

वाचून फाडून टाक.

ढमी


२५ जून

ढमे,

पत्र मिळालं, फाडलं. बाबांना आजच लिहिते आहे. तू सांगितलंस त्यापेक्षा रडकं लिहिते, मग तर झालं? आईचं मनगट रोज फिरवतेस ना?

आत्या


२५ जून

दादा,

तुझा गुणाकार बघून हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. आधी बैस आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

मी नगावर काम करत नाही. वीस पेशंट आले काय, चाळीस आले काय, मला तेवढंच मिळतं. काउंटरवर जी फी जमा होते ती सगळी सरांची. त्यातला अर्धा, पाव, काहीच माझा नाही. मला महिन्याचा पगार आहे. आणि तो किती, हे मागच्या पत्रात मी शिताफीने टाळलं, कारण तू माझा फोटो मशीनवर लावलायस. आता सांगते. तुझा तो कुशनच्या कडेला पाइपिंग करणारा जुना कारागीर चांगल्या महिन्यात जेवढं घरी नेतो ना, तेवढा माझा पगार. दहा वर्षांनंतर. सुरुवातीला तर त्याच्या निम्म्यानेही नव्हता, आणि इंटर्नशिपचे महिने जवळजवळ फुकट.

ढमीची फी मी माझ्या पगाराने मोजली. मी काही खाल्लं नाही, भाडं दिलं नाही, चप्पलही घेतली नाही, सगळा पगार बाजूला टाकला, तरी आठ वर्षं लागतील. त्यात हॉस्टेल धरलेलं नाही. पुढची डिग्री केली तर पगार वाढतो म्हणतात, पण त्याला पुन्हा फी. आमच्याकडे गेल्या वर्षी तीन नव्या मुली आल्या. खाजगी कॉलेजच्या, घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेल्या. त्या माझ्यापेक्षा कमी पैशांत काम करतात, म्हणून सर मला परवा म्हणाले, तुम्ही महाग पडता. मी महाग पडते, दादा! स्वतःचा दवाखाना काढावा तर जागा आणि मशिनं कुठून आणू? आणि डॉक्टर मंडळी पेशंट पाठवतात ते आपल्या ओळखीच्या माणसाकडे.

सोबत माझी पगाराची स्लिप घातलीय. बघ. आकडा काही खोडलेला नाही.

वाईट एवढंच वाटतं की ढमी या कामासाठीच जन्मलीय. माझ्यापेक्षा ती चांगली होईल. मी शिकले तेव्हा सगळं पुस्तकातून शिकले, तिने आईची मूठ उघडून दाखवलीय. ती नालायक असती तर मी खुशाल नाही म्हटलं असतं आणि झोपले असते. ती लायक आहे आणि तरीही मी तुला नको म्हणतेय, याचा मला किती राग येतोय ते तुला कळणार नाही. कुणावर काढू तेही कळत नाही.

गाळा विकू नकोस. माझी शपथ आहे. वर्षभर थांबा, सरकारी सीटसाठी पुन्हा बसू दे तिला. क्लासचे पैसे मी देते.

बारकी


३ जुलै

बारके,

तू नाटकात का गेली नाहीस? काय लिहिलंयस! मी वाचलं आणि खरंच सांगतो, घटकाभर मी फसलो. चष्मेवाल्याला फोन करायला उठलोही होतो.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला आला, उशी बदलून घ्यायला. तोच आपल्या गल्लीची पत्रं घेतो. सहज म्हणाला, "बहिणीशी फार पत्रापत्री चाललीय तुमच्या घरातून. परवा तुमची मुलगी पण टाकून गेली." मी घरी गेलो आणि तुझ्या वहिनीला विचारलं. ती बिचारी खोटं बोलायला गेली की आधी पदराशी चाळा करते. तिने चाळा केला आणि मग सगळं ओकली. ढमीने तुला खोटं लिहायला सांगितलंय. पैसे मिळत नाहीत असं लिही, रडकं लिही. झालं! माझं हरवलेलं काळीज पुन्हा जागेवर आलं.

तुम्ही दोघी मला काय समजता? एक आत्या, एक भाची, दोघी मिळून या म्हाताऱ्याचा गाळा वाचवायला निघालात. खरं सांगू, ते कळल्यावर मी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मला जास्तच भरून आलं. भाचीसाठी स्वतःला एवढं कमी करून कोण लिहितं? "मी महाग पडते"! कुठून सुचतं?

आणि स्लिपचं म्हणशील तर बाई, मी काय काल धंद्यात आलो? माझ्या कारागिरांच्या स्लिपा मीच लिहितो. कागदावर एक, हातात एक. सगळीकडे तसंच चालतं. सरकारला कोण खरं दाखवतं? तुझे सर तर शिकलेले, माझ्यापेक्षा हुशारीनेच दाखवत असतील.

गाळ्याची लिखापढी मंगळवारी झाली. पहिला हप्ता भरला. त्यांच्या नियमात भरलेली फी परत मिळत नाही, म्हणजे आता मागे फिरायचा प्रश्नच नाही. बरंच झालं. एक मशीन कारागिराला देऊन टाकलं, दुसरं घरी आणलंय, ओट्याला लागून. तुझी वहिनी म्हणते, आता भाजी शिवून घ्यायची का?

ढमीला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. मग मी सांगितलं, आत्याचं बिंग फुटलंय, तिला भरपूर मिळतं. मग थांबली.

दादा


७ जुलै

दादा,

पत्र वाचलं आणि क्लिनिकमधून बाहेर येऊन तुला फोन केला, तर तू हसत बसलास. "पुरे आता, बारके, पकडली गेलीस" एवढंच म्हणत राहिलास. मी ओरडले तर म्हणालास, नाटक छान जमलंय.

मी येते. शुक्रवार-शनिवारची रजा मागितलीय. बिनपगारी मिळेल, मिळू दे. कॉलेजात जाऊन बसेन, पाया पडेन. तू पुढचा हप्ता भरू नकोस. मी समोर येऊन सांगेन, मग तर खरं वाटेल ना?

बारकी


२ ऑगस्ट

बारके,

पोचल्याचं कळवलंस, पण पत्रात दोनच ओळी. तू येऊन गेल्यापासून घर जरा सुनं वाटतंय.

तू आलीस ती तोंड पाडूनच आलीस. मला वाटलं आता पुन्हा भांडण. पण तू दारात उभी राहिलीस, मी कॉलेजचा पांढरा कोट शिवत होतो आणि ढमी समोर हात पसरून मापाला उभी होती, तर तू नुसती बघत राहिलीस. मग आत जाऊन वहिनीचा हात घेऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी कॉलेजात एकटीच जाऊन आलीस, काय बोललीस कोण जाणे. आल्यावर ढमीला म्हणालीस, "कोटाला खिसे मोठे ठेवायला सांग." मी तेव्हाच ओळखलं, तू हार मानलीस. बरं केलंस.

कोट मात्र जरा फसलाय. आयुष्यभर सोफे शिवले, हात हलका पडत नाही. डबल टीप मारलीय सगळीकडे. कोट काढून ठेवला तरी उभा राहतो. ढमी म्हणते, "बाबा, यात माणूस नसला तरी चालेल." पण घेऊन गेली. हॉस्टेलवर पोचली, खोली बरी आहे.

मी कारखान्यात रुळलो. सकाळी भोंगा, मग सीट, सीट, सीट. एकसारख्या. पहिल्या आठवड्यात तपासनीस पोरगा माझ्या सीटा बाजूला काढायचा, म्हणायचा टाके जास्त आहेत, वेळ जातो. त्याचे पैसे कापले. आता मीही पातळ शिवायला शिकलोय. दुपारी पाठ टेकायला मिळत नाही, पण खुर्चीत मान टाकता येते. इथे एक गंमत आहे. कागदावर जेवढं लिहितात तेवढंच हातात देतात, एक पै इकडे नाही की तिकडे नाही. अशाही जागा असतात म्हणायच्या!

पाच वर्षं म्हणजे काय, अशी निघून जातील. मग ढमी कमावेल आणि मी कारखान्याला राम राम ठोकेन.

दादा


१६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

किती दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि मला ते इतकं आवडतंय की सांगायची लाज वाटते.

काल आम्हाला पहिल्यांदा हाताचे स्नायू मृतदेहावर प्रत्यक्ष दाखवले. मुली तोंडाला रुमाल लावून मागे सरकत होत्या. सरांनी विचारलं, बोटं उघडणारा स्नायू कुठून कुठे जातो? मला नाव येत नव्हतं, पण मी बोट ठेवून दाखवलं, कारण आईच्या हातावर मी तिथेच दाबायचे. सरांनी विचारलं, आधी कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी. सगळे हसले, पण सर नाही हसले. आत्या, मला तिथेच रडू आलं. आनंदाने.

बाबांचा कोट घालते रोज. त्यावरून सगळे चिडवतात. पण बाकीच्यांचे कोट आताच उसवायला लागलेत.

इथल्या सीनियर मुली सारख्या रडत असतात की पगार कमी, नोकऱ्या नाहीत, फसलो. मी त्यांना सांगितलं, माझी आत्या दिवसाला वीस पेशंट बघते आणि तिचं छान चाललंय. एकीने विचारलं, पगार किती? मी बाबांनी गुणाकार करून काढलेला आकडा सांगितला. ती लगेच म्हणाली, तुझ्या आत्याच्या क्लिनिकचं नाव दे.

आता तुला एक विचारायचंय. तू जे पत्र बाबांना पाठवलं होतंस ते त्यांनी मला दाखवलं. मी तुला रडकं लिही म्हटलं होतं, पण इतकं खरं वाटेल असं कसं लिहिलंस गं? आणि ती स्लिप! ती कुठून पैदा केलीस? मला क्षणभर खरंच भीती वाटली. परवा एका सीनियरने तिच्या ताईची स्लिप दाखवली, तर आकडा साधारण तसाच होता. तेव्हापासून मन लागत नाहीये.

बाबांना पाहिलं तर बारीक झालेत. फोनवर म्हणतात मजेत आहे. मी मनाशी ठरवलंय की पाच वर्षांनी पहिलं काम म्हणजे त्यांना पुन्हा गाळा घेऊन द्यायचा. तेवढ्यावर मी अभ्यास करते.

म्हणून एकदाच, फक्त मला, खरं काय ते सांग. ते पत्र तू माझ्यासाठी खोटं लिहिलं होतंस ना? गाळा होईल ना?

तुझी ढमी


२२ सप्टेंबर

ढमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सरांचं वाचून फार बरं वाटलं. बोट ठेवून दाखवता येणं हे नाव पाठ असण्यापेक्षा मोठं आहे, पण परीक्षेत नावच विचारतात, तेव्हा तेही पाठ कर.

सीनियर मुलींचं फार मनावर घेऊ नकोस. सगळ्या कॉलेजात अशा मुली असतात. त्यांच्या ताईच्या स्लिपा बघत बसलीस तर पहिल्या वर्षातच गटांगळ्या खाशील. माझ्या क्लिनिकचं नाव मात्र कुणाला देऊ नकोस. आमच्याकडे सध्या जागा नाही.

पुस्तकांना पैसे लागतील ते बाबांकडे मागू नकोस. मला सांग, मी दर महिन्याला पाठवेन. आता संध्याकाळी आणि रविवारीही मी घरोघरी पेशंट बघते, हौस म्हणून. मला काही जड नाही. पाठीला बाक येऊ देऊ नकोस, वेळेवर जेव.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर. हो गं वेडे, ते सगळं तुझ्यासाठीच खोटं लिहिलं होतं. स्लिप रूमवरच्या नर्सकडून कॉम्प्युटरवर बनवून घेतली, ती असल्या कामात पटाईत आहे. इतकं खरं वाटलं म्हणजे माझं काम चांगलं झालं म्हणायचं. आता हा विषय पुन्हा काढायचा नाही, आणि बाबांपाशी तर नाहीच.

गाळा होईल. नक्की होईल. मला विचारशील तर पाच वर्षंसुद्धा लागणार नाहीत.

आत्या